दारू आणि उसनी जाग



वसंत व्याख्यानमालेत बहुधा संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य असे विषय येतात. आजचा आमचा विषय त्या पंक्तीत बसवताना कोणाला जरा संकोच वाटला तर नवल नाही, कारण तो टपरीवरचा आणि ढाब्यावरचा विषय आहे. दारूत 'एनर्जी ड्रिंक' नावाचे पेय मिसळून पिण्याची जी रीत गेल्या काही वर्षांत तरुणांत पसरली आहे, तिच्याविषयी आम्ही बोलणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत, पगाराच्या आणि पाळ्यांच्या भांडणात गेले. मग आम्ही या विषयाला हात का घालतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. कामाचे तास, थकवा, झोप आणि दारू ही चौघे एकाच घरात राहतात. एकाची विचारपूस करायला गेले की उरलेली तिघे भेटतातच. त्या घरात आता पाचवा पाहुणा आला आहे, आणि तो वीस रुपयांच्या बाटलीतून आला आहे.

आपले पुरुषोत्तमनगर साखर कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेले गाव. गळिताचा हंगाम लागला की शहादे तालुक्याचे रस्ते रात्रंदिवस जागे असतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून फडावरून ऊस भरून निघायचे, यार्डात रांगेत थांबायचे, काट्यावर वजन करायचे, गव्हाणीत ऊस टाकायचा आणि रिकामी ट्रॉली घेऊन पुन्हा फडाकडे. खेप वाढली तर पैसे वाढतात. झोप वाढली तर खेप बुडते. हा हिशेब चालकाला कोणी शाळेत शिकवावा लागत नाही. अशाच एका तरुण चालकाच्या आसनाखाली आम्ही एका पहाटे रिकाम्या बाटल्या पाहिल्या, सगळ्या एकाच रंगाच्या. विचारले, तर तो सहजपणे म्हणाला, "दादा, मंग झोपच येत नही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रात्री ही बाटली पिऊन तो जागा राहत होता. पण सकाळी अंग टाकले तरी डोळा लागत नसे. मग डोळा लागावा म्हणून क्वार्टर. दुपारी उठल्यावर डोके जड, म्हणून पुन्हा बाटली. एक पेय जागे करायला, दुसरे झोपवायला. आणि एके दिवशी, कुणाच्या तरी वरातीत, ही दोन्ही पेये एकाच प्याल्यात आली. कारण सोपे होते. सोड्यापेक्षा गोड लागते, दारूचा वास लपतो, आणि रात्रभर नाचता येते. अशा रीतीने ही प्रथा गावोगाव शिरली. तिला कोणी प्रचारक लागला नाही.

आता हे पेय म्हणजे काय ते पाहू. त्याच्या नावात 'शक्ती' आहे, म्हणून पुष्कळांची अशी समजूत असते की त्यात काही पौष्टिक असावे. त्यात मुख्यतः पाणी, भरपूर साखर आणि कॅफीन असते. शक्ती देणारी वस्तू त्यात एकच, आणि ती साखर. ती काय चीज आहे हे साखर कारखान्याच्या गावाला सांगण्याची गरज नाही. उरलेले काम कॅफीनचे. चहा-कॉफीत असते तेच हे द्रव्य. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांसाठी मर्यादा घालून दिली आहे. एका लिटरमध्ये कॅफीन १४५ मिलिग्रॅमहून कमी नको आणि ३०० मिलिग्रॅमहून अधिक नको. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत अधिकात अधिक ७५ मिलिग्रॅम. साधारण एक मोठा कप कडक कॉफी. दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक पिऊ नये, मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये, अशी सूचनाही बाटलीवर छापावी लागते. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की वाचणाऱ्याला चष्मा लागावा, आणि पिणाऱ्याचे वय चष्म्याचे नसते.

कॅफीन शक्ती देत नाही, मग जाग कशी आणते? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते. ते आपल्या जागी जाऊन बसले की मेंदूला निरोप पोचतो, 'आता पुरे, झोपा.' कॅफीन त्या जागा आधीच अडवून बसते. थकवा तसाच असतो, साचणेही चालूच असते, फक्त निरोप पोचत नाही. कॅफीनचा जोर ओसरला की साचलेले सगळे एकदम येऊन आदळते. आपल्या ऊसतोडीच्या बांधवांना हे समजायला वेळ लागणार नाही. हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' घ्यायची आणि मग सहा महिने कोयता चालवून ती फेडायची. कॅफीन ही अशीच उचल आहे. आज मिळालेली जाग उद्याच्या झोपेतून कापली जाते, आणि फेडायला उरलेला माणूस पहिल्याहून दुबळा असतो.

या पेयाचा जन्म कोठे झाला, हेही मोठे बोलके आहे. जपानात १९६२ साली एका औषध कंपनीने थकलेल्या नोकरदारांसाठी छोट्या बाटलीतले टॉनिक काढले आणि ते तुफान खपले. १९७० च्या दशकात थायलंडमध्ये तसेच एक पेय निघाले, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक होते रात्रपाळीचे ट्रकवाले आणि मजूर. त्याच पेयाला १९८७ साली ऑस्ट्रियात नवा डबा आणि नवे इंग्रजी नाव मिळाले, आणि ते मोटारींच्या शर्यतींत आणि नाचघरांत गेले. तात्पर्य, मजुराचा थकवा हेच या धंद्याचे पहिले भांडवल. श्रीमंतांच्या नाचघरात फिरून ते आता पुन्हा आपल्या ट्रॅक्टरच्या आसनाखाली आले आहे.

आता दारूकडे वळू. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरते. यकृत ते आपल्या ठरावीक गतीने जाळते, ढोबळ मानाने तासाला सात ते दहा ग्रॅम. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे चारच्या आधी, पुष्कळदा सहाच्याही आधी, अंगातून जात नाही. ही गती कशानेही वाढत नाही. लिंबू, ताक, गार पाण्याची आंघोळ, कडक कॉफी, यांतले काहीही यकृताला घाई करायला लावत नाही. कॉफी पाजून मिळते ती जागी असलेली नशा.

येथेच मोठा गैरसमज होतो. लोक म्हणतात, दारू झोपवते आणि हे पेय जागवते, म्हणजे एकाने दुसऱ्याची बाधा उतरते. ऊन-सावलीसारखी ही जमा-वजाबाकी वाटते. पण दारू दोन गोष्टी करते. ती गुंगी आणते, आणि ती विवेक, अंतराचा अंदाज, हातापायांचा मेळ यांना ढिले करते. कॅफीन त्यांपैकी फक्त गुंगी झाकते. विवेक ढिला तो ढिलाच राहतो. कारखान्यातील आमच्या बंधूंसाठी उदाहरण देतो. बॉयलरवर दाब दाखवणारे गेज असते. काटा लाल रेषेकडे गेला की फायरमन सावध होतो. कोणी त्या गेजच्या काचेवर काळा रंग फासला, तर आतली वाफ कमी होईल काय? दारू प्यालेल्या माणसाला येणारी झोप, जडपणा, 'आता बस झाले' ही जाणीव, हेच त्याचे गेज. हे पेय त्या काचेवर रंग फासते. मग माणूस म्हणतो, "आज चढलीच नाही." चढलेली असते. कळत नसते, एवढेच.

याला पुरावा काय, असे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे. ब्राझीलमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २६ तरुणांना कधी नुसती दारू, कधी हे पेय मिसळून दारू दिली. मिसळून प्यालेल्यांना डोकेदुखी, अशक्तपणा, हातापायांचा ढिलेपणा कमी जाणवला. प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा हातापायांचा मेळ आणि प्रतिक्रियेचा वेग तितकाच बिघडलेला निघाला. श्वासातली दारूही तितकीच. जाणीव कमी झाली, बिघाड कमी झाला नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या दहा विद्यापीठांतील ४,२७१ विद्यार्थ्यांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दारू पिणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा मुले ती या पेयात मिसळून पीत होती. त्यांच्यात पडून-झडून जखमी होणे, दवाखान्यात न्यावे लागणे, प्यालेल्या चालकाच्या गाडीत बसणे, आणि स्त्री-पुरुषसंबंधांत दुसऱ्याचा गैरफायदा घेणे किंवा आपला घेऊ देणे, हे सर्व प्रकार नुसती दारू पिणाऱ्यांहून अधिक आढळले. किती दारू प्याली हे हिशेबात धरूनही फरक उरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१० साली आणखी एक पाहणी निघाली. मद्यगृहातून रात्री बाहेर पडणाऱ्या सुमारे आठशे जणांना दारातच गाठून त्यांच्या श्वासाची तपासणी केली होती. मिसळून प्यालेले लोक कायद्याच्या मर्यादेपलीकडे झिंगलेले असण्याची शक्यता तिप्पट निघाली, आणि 'आता मी गाडी चालवत घरी जाणार' असे म्हणण्याची शक्यता चौपट. अधिक झिंगलेले, आणि अधिक निर्धास्त. अपघात याच जोडीतून जन्माला येतो.

त्याच वर्षी अमेरिकेत दारू आणि कॅफीन एकाच डब्यात भरून विकण्याचा धंदा जोरात होता. विद्यार्थी बेशुद्ध होऊन इस्पितळात पडू लागले, आणि १७ नोव्हेंबर २०१० रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने चार कंपन्यांना बजावले की दारूत घातलेले कॅफीन सुरक्षित मानता येत नाही. ते डबे बाजारातून गेले. पण डबा गेला तरी मिसळणारा हात गेला नाही. आपल्याकडे तर तयार डबा कधी लागलाच नाही. दोन बाटल्या दोन दुकानांतून येतात आणि ढाब्याच्या मागे एक होतात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. काही अभ्यासक म्हणतात, मिसळून पिणारी मुले मुळातच धाडसी असतात. ती काहीही प्याली तरी धिंगाणा घालणारच, मग बाटलीला दोष का? एकाच माणसाच्या दोन रात्री, एक नुसत्या दारूची आणि एक मिसळलेली, ताडून पाहणारे अभ्यासही झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आमचे उत्तर असे आहे. मूळचा धाडसी मुलगा आहे, हे मान्य. पण अशा मुलाला रात्री अकराला झोप येऊन तो खाटेवर पडला, तर त्याचे धाडस घोरत पडते. त्याला पहाटे तीनपर्यंत जागे ठेवले, तर त्याच धाडसाला चार तास अधिक मिळतात. झोप ही निसर्गाची दारूबंदी आहे. ती उठवली की उरलेले आपोआप घडते. पुढचा पेला, पुढचे भांडण, पुढची मोटारसायकल.

आता आपल्या गावाकडे या. हंगाम संपला, लगीनसराई आली, आखाजी आली. आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा, झोके बांधण्याचा, गाणी म्हणण्याचा सण. सालदाराचे नवे साल याच दिवशी सुरू होते. हातात चार पैसे असतात. याच दिवसांत वरातीपुढे कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्यांच्यापुढे नाचणाऱ्यांत सोळा-सतरा वर्षांची मुले असतात. उन्हाळ्याची रात्र, घामाने अंग सुकलेले, वर दारू, जी लघवीवाटे पाणी घालवते. कॅफीनचाही थोडा हात त्याला लागतो. हृदयाची धडधड वाढलेली असते. मग पहाटे एका मोटारसायकलीवर तिघे, आणि समोर रस्त्यात दिवा नसलेली, मागे लाल पट्टी नसलेली ट्रॉली. हे चित्र रंगवण्यासाठी कल्पनाशक्ती लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असे एक घर आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यात पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज दारू पिता येत नाही, आणि सौम्य बिअरलाही एकवीस लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल घेऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा कायदा ट्रॅक्टरलाही लागू आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पण मिश्रणाचा अर्धा भाग, ती गोड बाटली, किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी असते. तिला वयाची अट नाही. २०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकण्यास बंदी घालण्याचा मनोदय जाहीर केला. तो विचार स्वागतार्ह आहे. लिथुआनियाने २०१४ साली आणि पोलंडने २०२४ साली अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकणेच बंद केले. शाळेपासूनचे अंतर मोजणे ठीकच, पण विकत घेणाऱ्याचे वय मोजणे अधिक बरे, कारण आमच्या मुलांना पाय आहेत.

आपल्या या भूमीला दारूशी झगडणे नवीन नाही. १९३८ साली तळोदे तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी 'आप की जय' म्हणत हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. माणसाने माणसाला 'आप' म्हणावे, मान द्यावा, आणि स्वतःचाही मान राखावा, हे त्या शिकवणीचे मर्म. दारू सुटली ती या मानाच्या भावनेने. पुढे १९७२ नंतर याच शहादे तालुक्यात अंबरसिंग महाराजांच्या कामातून आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीतून भिल्ल स्त्रिया उठल्या. जमिनीसाठी आणि मजुरीसाठी त्या मोर्च्यात आल्या होत्या. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते हे त्यांनी तेथेच मांडले, आणि गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. मजुरीचा प्रश्न आणि दारूचा प्रश्न एकच आहे, हे त्या न शिकलेल्या बायांना आमच्यासारख्या संघटनेवाल्यांच्या आधी उमगले होते. पुढे राज्याने गावातल्या स्त्रियांना मतदानाने परवान्याचे दुकान बंद करण्याचा हक्क दिला. एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला की दुकान जाते. पण भगिनींनो, ही नवी बाटली मतपत्रिकेवर नाही. हिला आडवी करण्यासाठी घरात आणि गल्लीत बोलावे लागेल.

आणि आम्ही साखरेच्या गावचे लोक, म्हणून एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो, आणि आपल्या राज्यातली देशी दारू बहुतांशी त्याच मद्यार्काची असते. साखर तर या गोड पेयांतही आहे. म्हणजे आमच्या शेतातून निघालेला ऊस दोन वाटांनी फिरून आमच्याच पोराच्या पेल्यात एक होतो. कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांवर हजारो चुली पेटतात. पण ज्या उद्योगाने आपल्याला पोसले, त्याच्याविषयी बोलताना आपण पोरालाच तेवढे दोषी धरावे, हे न्यायाचे नाही.

आता मूळ गाठीकडे येतो. मजुराने कधी चार घटका मजा करू नये काय, असे आम्हांला विचारतात. अवश्य करावी. माणूस कामासाठी जन्मलेला नाही. पण मजा करायला अंगात बळ लागते आणि मनाला उसंत लागते. ज्याला ती मिळत नाही, तो मजेची नक्कल विकत घेतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्यापूर्वी गिरणीतला माणूस आठवड्याचे सातही दिवस, दिवस उगवण्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभा असे. त्याला ताडीखेरीज दुसरा विसावा काय असणार? पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे आठ तास लिहून दिले. आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. कागद बदलत राहतात. पण उसाच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा यांपैकी कोणत्याच कागदात नीट मावला नाही. तो मालकाचा नोकर, की ठेकेदाराचा, की खेपेवरचा भागीदार, याचाच निवाडा होत नाही, तोवर त्याची झोप कोणाच्या वहीत लिहायची?

म्हणून आमची मागणी बाटलीवर थांबत नाही. यार्डात ट्रॉली उभी असते तेव्हा चालकाला पाठ टेकायला सावलीची, पाण्याची जागा हवी. रांगेचा क्रमांक हातात द्यावा, म्हणजे तो तीन तास निर्धास्त झोपेल. एका चालकाने सलग किती खेपा कराव्या याला मर्यादा हवी, आणि रात्रीच्या खेपेला जोडीदार चालक हवा. प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल पट्टी आणि दिवा हवा. या मागण्यांना मोठा खर्च नाही. त्या मान्य झाल्या तर आसनाखालच्या बाटल्या कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक वेगाने कमी होतील, अशी आमची खात्री आहे. थकलेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही. झोप झालेल्याला येतो.

तोवर घराघरांत करण्यासारख्या चार गोष्टी सांगून ठेवतो. मुलाच्या खिशात दारूची बाटली शोधणाऱ्या आईने ती गोड बाटलीही पाहावी, आणि रागावण्याआधी विचारावे की, बाळा, तू किती वाजता झोपतोस? वरातीचे यजमानपण ज्यांच्याकडे असेल त्यांनी नाचणाऱ्यांसाठी पाण्याची आणि ताकाची सोय करावी, आणि गाड्यांच्या किल्ल्या एखाद्या न पिणाऱ्या काकाच्या हाती ठेवाव्या. 'मला चढली नाही, मी चालवतो' असे जो म्हणेल, त्याला तर किल्ली मुळीच देऊ नये. शुद्धीवर असल्याची तीच त्याची साक्ष असेल, तर ती साक्ष कामाची नाही. आणि कोणी बेशुद्ध पडला, वांत्या करू लागला, श्वास अडखळू लागला, छाती धडधडते म्हणाला, तर त्याला झोपू द्या म्हणून सोडून जाऊ नये. कुशीवर वळवावे, एकटे ठेवू नये, तोंडात काही ओतू नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पोलीस काय म्हणतील, लोक काय म्हणतील, याचा विचार सकाळी करता येतो. सकाळ मात्र त्याला दिसली पाहिजे.

एक शब्द मुलींविषयी. अशा रात्री ज्याला आपले पाऊल कळत नाही, त्याला दुसऱ्याचा नकारही कळत नाही. पण कळला नाही, ही सबब आपण कोणी मान्य करू नये. वरातीतून घरी परतणाऱ्या मुलीला जपणे हे तिच्या भावाचे काम आहे, असे आपण म्हणतो. त्या भावाच्या पेल्यात काय आहे, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे.

मंडळी, आमच्या पिढीने कामाचे तास कमी व्हावेत म्हणून भांडण केले. पुढच्या पिढीने आपले मिळवलेले तास पुन्हा वीस रुपयांना विकू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे. या आखाजीला गावातले झोके जरूर उंच जाऊ द्यात, वराती वाजत-गाजत निघू द्यात, आणि रात्री बारानंतर ज्याला झोप येईल त्याला कोणी हसू नये. येत्या हंगामाआधी यार्डातल्या विसाव्याच्या जागेचा ठराव आपण सर्वांनी मिळून करावा, आणि त्यावर पहिली सही चालकांच्या आया-बायकांची असावी, अशी आमची सूचना आहे.